मागणी

"छान होतं गं. पण तिकडं मरायला जाणार कोण?" दाराबाहेर कुणीतरी म्हणालं आणि दोघीतिघी हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं. सिनेमा सुटल्यावर लोक हसतात तसं मोकळं, भूक लागलेलं हसणं. पावलं जिन्याकडं गेली, आणि डॉक्टर इंद्रजीत भाषण संपलेल्या सेमिनार हॉलमध्ये एकटा उरला, हातात बकऱ्याचं हृदय धरून.

आवाज त्यानं ओळखला होता. योगिनीचा. जनरल सर्जरीच्या शेवटच्या वर्षाची निवासी डॉक्टर, पिशोरकडची, उंच, केस कायम घाईत बांधलेले. टेबलाशी सगळ्यांत जास्त वेळ तीच उभी होती. बाकीच्यांनी हृदय तळहातावर घेऊन फोटो काढले, एखाददुसरा टाका घातला आणि ते जेवणाच्या वासाकडं सरकले. ही मान खाली घालून टाके घालत राहिली. टाके चांगले होते. एकसारखे, न ओढलेले, घाई नसलेल्या माणसाचे. ते पाहून इंद्रजीतनं मनातल्या मनात तिच्यावर बोट ठेवलं होतं, बाजारात एखादी वस्तू पसंत पडल्यावर भाव विचारायच्या आधी माणूस ठेवतो तसं. म्हणूनच ते वाक्य लागलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्यानं हातमोजे काढून सरळ जेवायला सुरुवात केली असती.

टेबलावर हृदयं ओळीनं पडलेली होती, काही शिवलेली, काही नुसती भोसकलेली. सकाळी शहागंजच्या खाटकाकडून तो स्वतः घेऊन आला होता. खाटकानं पिशवी देताना विचारलं होतं, "डॉक्टरसाब, इत्ते दिल लेके करते क्या?" आणि त्यानं सांगितलं होतं की पोरांना शिकवायचंय. खाटकाला ते फार आवडलं. त्यानं दोन फुप्फुसं वरून टाकली, पैसे घेतले नाहीत. त्या आनंदात इंद्रजीत क्रांती चौकाच्या गर्दीतून शीळ घालत आला होता. बोललाही बरा. हृदय आणि छातीची शस्त्रक्रिया हे काम आपण निवडत नसतो, ते आपल्याला निवडतं, असं तो शेवटी म्हणाला, तेव्हा हॉल गप्प झाला होता. आता त्या रिकाम्या खुर्च्यांकडं पाहताना ते वाक्य त्याला स्वतःच्याच तोंडून पुन्हा ऐकू आलं आणि अंगावर चुकीच्या मापाचा शर्ट असावा तसं वाटलं.

कारण ते खरं नव्हतं. त्याला या कामानं निवडलं नव्हतं आणि त्यानंही या कामाला निवडलं नव्हतं. त्याला मूत्रविकाराची शाखा हवी होती. करमाडला वडिलांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आमचा इंद्रजीत किडनीचा डॉक्टर होणार, आणि जालना रोडवर दवाखान्यासाठी जागाही पाहून ठेवली होती. मग मुंबईतला प्रवेशाचा तो दिवस, पंख्याखाली कोंबलेली मुलं, समोरच्या पडद्यावर एकेक जागा पुसली जात होती. मूत्रविकाराची शेवटची जागा त्याच्या पुढच्याच मुलानं घेतली. पडद्यावर उरलं होतं हृदय आणि छाती. कारकून म्हणाला, घ्यायचं तर घ्या, मागं रांग आहे. त्यानं घेतलं. बाहेर येऊन वडापाव खाल्ला आणि रडू आलं तर येऊ द्यावं म्हणून फुटपाथवर थांबला, पण रडू आलं नाही, फक्त तहान लागली. घरी फोनवर त्यानं वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "हृदय तर हृदय. तेबी आतलंच काम हाय."

म्हणजे रांगेत उरलेलं पदरात पडलं, आणि आज आपण पोरांना सांगतोय की प्रेमात पडा. गाडी जालना रोडला लागली तरी हे डोक्यातून जाईना. सिग्नलला शेजारच्या रिक्षातलं बाळ त्याच्याकडं टक लावून बघत होतं. विभागातली शिकाऊ डॉक्टरची जागा सलग दोन वर्षं रिकामी होती. मधल्या काळात त्याचा सहकारी पुण्याला गेला. या वर्षीही कुणी आलं नाही तर शिकवण्याची परवानगी जाणार, आणि मग इंद्रजीत निवृत्त झाला की विभागाच्या दारावर नुसती पाटी उरणार. पूर्वीसारखी माणसं छातीवर हात ठेवून पुण्या-मुंबईच्या गाड्या पकडणार, त्यातली काही वाटेतच उतरवावी लागणार. हे सगळं त्याला ठाऊक होतं, आणि भाषणात त्यानं ते सांगितलंही होतं. पण भीती दाखवून कुणी येत नाही. मुलांना त्वचा हवी, क्ष-किरण हवेत, संध्याकाळी घरी जाता येईल असं काहीतरी हवं, आणि त्यात त्यांचं चुकतं कुठं हे त्याला सांगता येत नव्हतं. खरा प्रश्न दुसराच होता. आपल्याला हे काम आवडायला लागलं ते नक्की कधी? तो आठवत राहिला. शस्त्रक्रियेसाठी बंद केलेलं हृदय पहिल्यांदा पुन्हा सुरू झालं तो दिवस असेल, असं वाटून त्यानं तो दिवस उकरून काढला, तर त्या दिवशी त्याला फक्त पाय दुखल्याचं आठवलं. पहिल्यांदा स्वतःच्या हातानं छाती उघडली तो दिवस काढला, तर त्यात भीतीच भीती होती. आवडण्याचा क्षण कुठंच सापडेना. आणि तरी आवडत होतं. आज सकाळी हृदयांची पिशवी घेऊन येताना शीळ काय उगाच आली होती?

घरी मोनिका, त्याची बायको, पेपर तपासत बसली होती. ती कॉलेजात गणित शिकवते. त्यानं तिला ते वाक्य सांगितलं. ती हसली नाही, पण लाल पेनही खाली ठेवलं नाही. म्हणाली, पोरगी हुशार दिसते. मग थोड्या वेळानं म्हणाली की गेल्या दिवाळीत सलग सुट्टी होती तेव्हा तिसऱ्या दिवशी तू माझे पडदे शिवायला घेतले होतेस, ते आठवतं का. त्याला आठवलं. पडदे छान शिवले गेले होते. त्याला उत्तर मिळाल्यासारखं वाटलं आणि लगेच हातातून निसटलंही.

पुढच्या आठवड्यात म्हाळसाबाई आल्या. कन्नडकडच्या डोंगरात मेंढरं राखणारं कुटुंब, खोकला कित्येक महिन्यांचा, क्षयाच्या गोळ्या खाऊन झालेल्या, गुण नाही. छातीच्या क्ष-किरण चित्रात उजव्या फुप्फुसाच्या तळाशी गोल, गुळगुळीत, चंद्रासारखी सावली होती. पाण्याची गाठ. कुत्र्याच्या पोटातल्या कृमीची अंडी पाण्यातून, हातातून माणसाच्या पोटात जातात, तिथून फुप्फुसात जाऊन बसतात आणि भोवती पाण्याची पिशवी धरते. मेंढरं आणि कुत्री जिथं एकत्र, तिथं ही गाठ. ती अख्खी काढली तर बाई घरी जाते. आत फुटली तर त्या पाण्यानं रक्तदाब तिथंच कोसळू शकतो, आणि उरलेले थेंब छातीभर नव्या गाठी पेरतात. इंद्रजीतनं सर्जरी विभागाला कळवलं की मदतीला एक निवासी डॉक्टर पाहिजे, योगिनीला पाठवा. कळवताना त्याला जाणवलं की यात थोडी खुन्नस आहे. बघू दे तिला, मरायला कुठं जायचं असतं ते. मग त्या विचाराची लाज वाटली, पण निरोप त्यानं बदलला नाही.

योगिनी आली ती सरळ म्हाळसाबाईंच्या खाटेवर बसली. कुठला वाडा, कुणाची मेंढरं, यंदा कुठवर गेले होते, असं सुरू झालं. इंद्रजीत पायथ्याशी उभा राहून ऐकत होता. एरवी दवाखान्यात योगिनी वेगळं मराठी बोलायची, जपून, पुस्तकातल्यासारखं. इथं तिची जीभ सैल सुटली होती. म्हाळसाबाईंनी विचारलं, "तू धनगराची व्हय गं?" ती म्हणाली, "व्हय. माझ्या बापाचीबी मेंढरं हायेत, पिशोरला." म्हाळसाबाईंनी तिचा हात धरला आणि मग इंद्रजीतकडं पाहून, जणू तो आत्ताच आत आला, सही कुठं करायची ते विचारलं.

शस्त्रक्रियेच्या सकाळी खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं. म्हाळसाबाईंना कुशीवर निजवलं होतं. भूल देणारे बुद्धभूषण डोक्याशी बसून नेहमीप्रमाणे पुटपुटत होते. इंद्रजीतनं बरगड्यांमधून छाती उघडली आणि फुप्फुस दिसलं, गुलाबी, करडे ठिपके पडलेलं, आणि त्याच्या तळाशी गाठीचा फुगवटा, पातळ सायीखाली दूध असावं तसा. भोवती औषधात भिजवलेले कापडाचे जाड थर लावले, की चुकून थेंब सांडला तर तिथंच मरावा. मग तो फुप्फुसाची साय अगदी हलक्या हातानं कापत गेला. योगिनीचा श्वास त्याला मास्कमधून ऐकू येत होता. आणि फटीतून ते पांढरं दिसलं. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं, पण जिवंत वाटावं इतकं ताणलेलं, उजेडात निळसर चमकणारं. त्यानं कात्री खाली ठेवली. आता हात लावायचा नव्हता. बुद्धभूषणकडं पाहून त्यानं मान हलवली, आणि त्यांनी पिशवी हळूहळू दाबत फुप्फुसात हवा सोडली. फुप्फुस आतून फुगत आलं, फट रुंदावली, आणि ती पांढरी गाठ कुणीही न ओढता, स्वतःच्याच वजनानं, डुलत बाहेर यायला लागली. इंद्रजीतनं योगिनीला वाटी धरायला सांगितलं. गाठ घरंगळली आणि वाटीत येऊन थरथरत थांबली. अख्खी. योगिनी वाटी दोन्ही हातांत धरून तशीच उभी होती, आणि मास्कच्या वर तिचे डोळे असे झाले होते की इंद्रजीतला आपले डोळे कधीतरी असे झाले असतील का, असं वाटून गेलं. त्या क्षणाचीच आपण आठवणीत जागा शोधत होतो, आणि आपण स्वतःला तेव्हा पाहिलंच नसणार. माणसाला स्वतःचे डोळे दिसत नाहीत.

फुप्फुसात आता मोठा खळगा राहिला होता आणि त्यात बारीक श्वासनळ्यांची तोंडं उघडी होती. खळग्यात पाणी भरलं आणि बुद्धभूषणनी पुन्हा हवा दिली. पाण्यातून बुडबुडे उठले. "पंक्चर," योगिनी नकळत म्हणाली. इंद्रजीत म्हणाला, अगदी तेच, आता तूच काढ. तिला हे अपेक्षित नव्हतं. एक क्षण ती त्याच्याकडं बघत राहिली, मग सुई घेतली. पहिला टाका जरा वाकडा पडला, दुसरा सरळ. एकेक बुडबुडा थांबत गेला. मध्ये एक तोंड काही केल्या सापडेना, बुडबुडे यायचे पण कुठून ते कळेना, आणि इंद्रजीतचे हात त्या खळग्यावर अधीर होऊन थांबले होते, घ्यावं का तिच्याकडून. निर्जंतुक केलेले हात पाठीमागं नेता येत नाहीत म्हणून त्यानं ते छातीशी धरले. तिनं कडेची एक घडी उलटली आणि ते तोंड तिथं होतं. शेवटी पाणी शांत झालं, फुप्फुस पूर्ण फुगलं, छातीच्या भिंतीला जाऊन टेकलं. म्हाळसाबाई चौथ्या दिवशी वॉर्डात चालायला लागल्या आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगायला लागल्या की माझ्यातून कोंबडीच्या अंड्याहून मोठं अंडं निघालं.

त्यानंतर योगिनी बोलावल्याशिवाय यायला लागली. आपली ड्यूटी संपवून यायची, एखाद्या झडपेच्या शस्त्रक्रियेत पाय दुखेपर्यंत उभी राहायची, जाताना काहीतरी विचारून जायची. इंद्रजीतनं तिला काही विचारलं नाही. आपल्या दारात चिमणी आली तर हलू नये, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. प्रवेशाचा काळ जवळ आला तेव्हा एका दुपारी ती त्याच्या केबिनमध्ये आली आणि उभ्यानंच म्हणाली, सर, घरचे नाही म्हणतात. बाप म्हणतो, शिक्षण पुरं झालं, आता कन्नडला दवाखाना टाक, लग्नाचं बघू. आणखी वर्षं घालवायची तर कुणीतरी येऊन समजावून सांगायला पाहिजे. इंद्रजीत म्हणाला, मी येतो. म्हणून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो.

मोनिकाला हे फार मजेशीर वाटलं. ती म्हणाली, तू मागणी घालायला चाललास, मीही येते, बाईमाणूस बरोबर पाहिजे. रविवारी सकाळी निघताना तिनं पेढे घेतले. इंद्रजीतनं शर्ट बदलला, पुन्हा पहिला घातला. वाटेत काय बोलायचं ते तो मनात घोळवत होता. त्यांच्या लग्नाच्या वेळी तो सिडकोतल्या मोनिकाच्या घरी गेला होता, तेव्हाही असंच घोळवत गेला होता. तेव्हा निदान बोलायला वडील होते.

पिशोरला घरापुढं लिंबाखाली बाज टाकलेली होती. योगिनीचे वडील कारभारी, पांढरं धोतर, अंगानं काटक, आणि आई सरूबाई. मेंढरं मागच्या कुंपणात होती, त्यांचा वास आणि अधूनमधून एखादीचं ओरडणं येत होतं. खरोखरच कांदेपोहे आले. मोनिकानं इंद्रजीतकडं पाहिलं आणि दुसरीकडं बघून हसू दाबलं. योगिनी आत-बाहेर करत होती, पण बसली नाही. पाऊसपाणी झालं, इंद्रजीतचं करमाड निघालं, करमाडचे कुणी दूरचे ओळखीचे निघाले, आणि मग कारभारींनी बाजेवर हात टेकून मुद्द्याला हात घातला. किती वर्षं, पगार काय, रातच्याला बोलावत्यात का, पोरीच्या जातीला झेपंल का. इंद्रजीत एकेक सांगत गेला. वर्षं बरीच आहेत, पगार सुरुवातीला कमीच, रात्री बोलावतात, झेपेल का हे तुमच्या मुलीला वाटीत गाठ धरताना मी पाहिलंय. आवाज स्थिर होता, पण त्याला वाटत होतं की आपण हरतोय. प्रत्येक खरं उत्तर मुलीला त्याच्यापासून एक पाऊल लांब नेत होतं.

मग कारभारी म्हणाले, "डाक्टर, राग नका मानू. तुम्ही स्वतः यात का पडले?"

भाषण जिभेवर आलं होतं. हे काम आपल्याला निवडतं, वगैरे. हॉल गप्प झाला होता त्या भाषणानं. समोर कारभारींचे डोळे होते, उन्हात आयुष्य काढलेले, लांबची मेंढी ओळखणारे. दारात योगिनी उभी होती. इंद्रजीत म्हणाला, "मला दुसरं पाहिजे होतं. किडनीचं. तिथं नंबर लागला नाही, हे उरलं होतं, म्हणून घेतलं."

मागं मेंढरू ओरडलं. मोनिका त्याच्याकडं पाहत होती. इतक्या वर्षांत त्यानं हे तिलाही असं सरळ सांगितलं नव्हतं. कारभारी म्हणाले, "मंग सोडलं का नाय?"

"पहिली काही वर्षं सोडावंसं वाटायचं. नंतर कधी वाटायचं थांबलं ते मला आठवत नाही. खूप शोधलं. आता घरी चार दिवस बसवलं तर मी आजारी पडतो."

सरूबाई इतका वेळ उंबऱ्याशी बसून ऐकत होत्या. त्यांनी पदर नीट केला आणि मोनिकाकडं पाहून म्हणाल्या, "मंग लग्नागतच झालं की. आधी बघून कुठं कळतंय. जीव मागून लागतो." मोनिका मोठ्यानं हसली आणि तिचं हसू पाहून कारभारीही हसले, ओठ न उघडता, मिशीतल्या मिशीत. इंद्रजीतला एकदम हलकं वाटलं. इतके दिवस जे तो शोधत होता ते या बाईनं उंबऱ्यावर बसून, पदर नीट करता करता सांगितलं होतं, आणि त्यात शोधण्यासारखं काही नव्हतं.

कारभारी योगिनीकडं वळले. म्हणाले, आता तूच सांग बाई, काय करायचं. तेव्हा ती पुढं आली, बापाशेजारी बाजेच्या कडेला बसली, आणि म्हणाली की तिनं परवाच प्रवेशाच्या अर्जात पहिली पसंती म्हणून हेच कळवून टाकलंय. कारभारींनी मान हलवली, जणू हे त्यांना माहीतच होतं. कदाचित होतंही. इंद्रजीतच्या हातातली चहाची बशी तिरकी झाली. त्यानं विचारलं, मग मला एवढ्या लांब कशाला आणलंस?

"तुम्ही घरच्यांना काय सांगता ते ऐकायचं होतं, सर," योगिनी म्हणाली. "खोटं बोलला असता तर पसंती बदलायला उद्याचा दिवस होता."

परतताना मोनिका म्हणाली वेरूळवरून जाऊ, उशीर झाला तरी चालेल. डोंगराच्या वळणांवर शाळांच्या सहलींच्या बसगाड्या लागलेल्या होत्या आणि पेरूवाले काचेपर्यंत येत होते. त्यानं गाडी थांबवली, पेरू घेतले, तिखट-मीठ लावून दोघांनी गाडीला टेकून खाल्ले. मोनिकानं विचारलं की किडनीचं पाहिजे होतं हे तू मला कधी का सांगितलं नाहीस. तो म्हणाला, तू विचारलंच नाहीस. मग जरा विचार करून म्हणाला की सोमवारी योगिनीला एखादी सोपी छाती उघडायला द्यावी का, की लवकर होईल. मोनिका म्हणाली, अजून तिचा प्रवेश व्हायचाय. हो, तो म्हणाला, आणि दुसरा पेरू तिच्यापुढं धरून पुन्हा सांगायला लागला की उजवीकडून सुरुवात करणं का सोपं असतं, आणि बोट तिच्या खांद्याखाली बरगड्यांवर ठेवून दाखवायला लागला, तशी बसमधली पोरं खिडकीतून वाकून बघायला लागली.